५३-एन क्रमांकाची बाटली

परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचली गेली. त्यातले १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. दगावलेले सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले, क्रमांक ५३-एन. ठपका आला लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्यावर. जंतू मुंबईत नव्हे, गावात बाटली उघडताना शिरले होते. बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. बाटलीच्या क्रमांकाची नोंदच नसती, तर तेही झालं नसतं.

लस घेतल्यावर त्रास झाला, की तो लसीमुळे, टोचण्यातल्या चुकीमुळे, भीतीमुळे की निव्वळ योगायोगाने, हे आजही असंच शोधावं लागतं. बाळांच्या बाबतीत योगायोग फार फसवतो. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना डोस असतात, त्यामुळे या वयात बाळाला काहीही झालं तरी ते कुठल्या ना कुठल्या डोसनंतरच होतं. म्हणून तज्ज्ञ त्रास किती दिवसांनी झाला ते बघतात. अमेरिकेत १९९९ साली रोटाशील्ड या रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या लसीनंतर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्याच्या १५ नोंदी आल्या. योगायोग असता तर त्या पुढच्या आठवड्यांत विखुरल्या असत्या. त्यातल्या बहुतेक डोसनंतरच्या पहिल्या आठवड्यातच गोळा झाल्या होत्या. जुलैत वापर थांबला, ऑक्टोबरात लस बाजारातून गेली. धोका साधारण दहा हजार बाळांत एकाला होता. इतकी विरळ गोष्ट परवान्याआधीच्या चाचण्यांत ठामपणे कळणं अवघड, ती अशा नोंदींतूनच पकडता येते. (आज आपल्याकडे देतात त्या रोटाव्हायरस लसी वेगळ्या आहेत.)

चुकीची खूण निराळी असते. गोवर-रुबेलाची भुकटी द्रावकात मिसळली की ती चार तासांत संपवायची, उरली तर वापरायची नाही, कारण तिच्यात जंतू रोखणारं रसायन नसतं. सकाळी उघडलेली कुपी संध्याकाळी वापरली आणि तीत जंतू वाढलेले असले, तर त्याच कुपीतली लस घेतलेल्या अनेक मुलांना काही तासांत ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात. म्हणूनच उघडलेल्या कुप्या तपासासाठी सत्रानंतर ४८ तास, किंवा पुढच्या सत्रापर्यंत, शीतसाखळी केंद्रात जपून ठेवायच्या असतात.

इंजेक्शननंतर अर्धा तास केंद्रातच थांबा. तीव्र ॲलर्जी बहुधा त्याच वेळात उठते. हलका ताप, टोचल्या जागी सूज, बीसीजीची छोटी जखम हे अपेक्षितच आहे. पण झटके आले, बाळ निपचित पडलं, रुग्णालयात ठेवावं लागलं तर आधी उपचार, आणि लगेच लस दिलेल्या हेल्थ पोस्टला किंवा डॉक्टरांना कळवा. गंभीर नोंद २४ तासांत वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत जायला हवी, लस खासगी दवाखान्यात घेतली असली तरी. त्रास लसीमुळेच झाला हे सिद्ध करणं तुमचं काम नाही. नोंदीला संशय पुरतो. सांगताना मात्र नेमकं सांगा: डोस किती वाजता, पहिलं लक्षण किती वाजता, कोणती लस, कार्डावर स्टिकर असेल तर बॅच नंबर. ‘संध्याकाळी बरं नव्हतं’ एवढ्यावरून काही शोधता येत नाही. औषध-दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे.