क्लिपलेस पेडल (माउंटन बायकिंग)

बुटाच्या तळाला बसवलेली धातूची छोटी पट्टी, म्हणजे क्लीट, स्प्रिंगच्या जबड्यात पकडून ठेवणारे सायकलचे पेडल. चवडा पुढे सरकवून खाली दाबला की ‘खट्’ आवाज होऊन क्लीट अडकते. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. नावाने नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण ज्यात पाय अडकतो त्यालाच ‘क्लिप नसलेले’ म्हणतात. यातली क्लिप म्हणजे जुन्या पेडलवरचा पिंजरा आणि त्याचा पट्टा, म्हणजेच टो-क्लिप. पाय काढायचा तर तो पट्टा आधी हाताने सैल करावा लागे. तो गेला, नाव मागे राहिले.

फ्रान्सच्या लुक कंपनीने स्कीच्या बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या पकडीचे तंत्र वापरून 1984 मध्ये असे पेडल रोड सायकलींसाठी आणले. 1985 ची तूर द फ्रान्स ही शर्यत फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावरच जिंकली. पण रोडची क्लीट मोठी असते आणि तळव्याबाहेर येते, त्यामुळे तिच्यावर धड चालता येत नाही. डोंगरात सायकल ढकलावी लागते, उचलून खडकावर चढवावी लागते. 1990 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी नावाची पद्धत आणली. तिची क्लीट लहान, 2 बोल्टांची आणि बुटाच्या रबरी खुरांमध्ये दडलेली होती. आज माउंटन बायकिंगचे जवळपास सगळे क्लिपलेस बूट याच 2 बोल्टांच्या मापाचे असतात. पेडल कोणत्याही कंपनीचे असो, त्याची क्लीट त्या बुटाला बसते. उलट एका कंपनीची क्लीट दुसरीच्या पेडलला चालेलच असे नाही.

उपयोग कशाचा

‘पाय वर ओढून दुप्पट ताकद मिळते’ ही जाहिरातीची भाषा झाली. खरा फायदा पाय जागेवर राहण्याचा आहे. दगडधोंड्यांतून उतरताना, ओल्या मुळांवरून जाताना पेडल पायाखालून निसटत नाही, आणि खडी चढणही धक्क्यांत न अडखळता मारता येते. क्रॉस-कंट्री शर्यतींत म्हणूनच हीच पेडले सर्वत्र दिसतात. उताराच्या शर्यतींत मात्र मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने 2007, 2009 आणि 2010 ची डाउनहिल जगज्जेतेपदे सपाट पेडलांवर मिळवली. उडी मारणे आणि वळणावर पाय काढणे ही कौशल्ये आधी सपाट पेडलांवर घोटलेली बरी. पाय अडकलेला असला की सायकल नुसती पायाने उचलता येते आणि चुकीची सवय लागते.

निवड

पेडल अडकते कसे यापेक्षा सुटते कसे, हे पाहून घ्यावे. शिमानोच्या एसपीडीत स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. तिच्या एसएच51 क्लीटमधून पाय टाच आडवी वळवल्यावरच सुटतो, तर एसएच56 तिरके वर ओढले तरी सोडते. शिकणाऱ्याने 56 घ्यावी. मात्र सवय झाल्यावर ती बदलावी, कारण उडी मारताना ती नको तेव्हा सुटू शकते. क्रँकब्रदर्स या दुसऱ्या कंपनीच्या पेडलांत ताण बदलता येत नाही. डाव्या-उजव्या क्लीटची अदलाबदल करून सुटण्याचा कोन सुमारे 15 किंवा 20 अंश ठेवता येतो. त्यांचा सांगाडा उघडा असल्याने चिखल आरपार निघून जातो. पावसाळ्यात मावळातल्या चिकट मातीत याचे मोल कळते. पण त्यांच्या क्लीट पितळी असतात आणि खडकावर चालून लवकर झिजतात. शिमानोच्या पोलादी क्लीट जास्त टिकतात.

पेडलभोवती पसरट चौकट असेल तर वजन वाढते, पण क्लीट अडकायच्या आधीही पाय ठेवायला जागा मिळते. खडबडीत वाटेसाठी अशीच घ्यावीत. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी अशीही पेडले मिळतात. तीच सायकल घेऊन चपला घालून दूध आणायला जाणाऱ्यांना ती सोयीची, पण वाटेवर दर वेळी योग्य बाजू शोधत बसावे लागते. पहिल्या जोडीसाठी शिमानोचे एम520 हे साधे दुबाजू पेडल पुरे. जोडीचे वजन सुमारे 380 ग्रॅम भरते आणि हाल सोसून वर्षानुवर्षे चालते.

क्लीट बसवणे

पेडलबद्दलच्या बहुतेक तक्रारी प्रत्यक्षात क्लीटच्या असतात, म्हणून इथे घाई नको. बूट पायात घालून अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी असलेली हाडाची उंचवटी बोटाने चाचपावी आणि बुटाच्या कडेला दोन्हीकडे खडूने खूण करावी. पेडलचा आस या दोन खुणांच्या दरम्यान यायला हवा. डोंगरी वाटेसाठी क्लीट त्याहून काही मिलिमीटर मागे, टाचेकडे घ्यावी. उतारावर उभे राहिल्यावर पोटरीवरचा भार कमी होतो.

मग कोन. टेबलावर बसून पाय मोकळे सोडले की चवडे ज्या दिशेला वळतात तीच दिशा क्लीटला द्यावी. एसपीडीत अडकलेल्या पायाला सुमारे 4 अंश मोकळीक असते, पण ती क्लीट वाकडी बसवायची सबब नव्हे. वाकड्या क्लीटचा त्रास चवड्याला नाही, गुडघ्याला होतो, आणि तोही बहुधा लांबच्या फेरीनंतर. बुटाची टाच क्रँकला, म्हणजे पेडल ज्याला बसते त्या दांड्याला घासत असेल तर क्लीट बुटाच्या आतल्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला सरकवावी. पाय क्रँकपासून दूर जातो.

बोल्ट एम5 मापाचे असतात आणि बहुधा 4 मिमीच्या ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने फिरतात. आट्यांना ग्रीस लावून, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत 5 ते 6 न्यूटन-मीटरपर्यंत (आवळण्याच्या जोराचे माप) न्यावेत. पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा तपासावेतच. क्लीटचे दाते तळव्यात रुतले की बोल्ट सैल पडतात. पाय अडकायला फार जोर लागत असेल तर ताण कमी करण्याआधी बुटाचे रबरी खूर पेडलला टेकतात का ते पाहावे. टेकत असतील तर क्लीटखाली पातळ पट्टी घालावी किंवा तेवढे रबर कापावे.

ताण आणि सराव

एसपीडीचा ताण 3 मिमीच्या ॲलन कीने बदलतो. सुरुवात सगळ्यात सैल बाजूने करावी आणि दोन्ही पेडलांच्या दोन्ही बाजूंना सारखेच ‘टिक’ मोजून द्यावेत. स्क्रू वाटेल तेवढा उलटा फिरवू नये, तो आतल्या पट्टीतून निसटतो. भिंतीला टेकून प्रत्येक पाय वीसेक वेळा अडकवावा आणि काढावा, मग हिरवळीवर. थांबायच्या बऱ्याच आधी एक पाय सोडायची सवय लावावी. पहिले पडणे साधारण थांबल्यावरच होते: डावा पाय सोडलेला असतो आणि सायकल उजवीकडे कलते. तेव्हा हात टेकायला जाऊ नये, मनगट दुखावते. हँडल धरूनच खांद्यावर पडावे.

बिघाड

सगळ्यात घातक प्रकार साधा दिसतो. क्लीटचा एक बोल्ट गळून पडतो आणि उरलेल्या बोल्टभोवती क्लीट फिरू लागते. टाच वळवली की बूट फिरतो, क्लीट जबड्यातच राहते; पाय कितीही पिळला तरी सुटत नाही. अशा वेळी सायकल झाडाला किंवा सोबत्याला टेकवून बुटाची पट्टी सोडावी आणि पाय बुटातून बाहेर काढावा. बूट नंतर पान्याने सोडवता येतो. म्हणून एक जादा क्लीट-बोल्ट आणि 4 मिमीची ॲलन की बॅगेत असावी.

पाय आपोआप सुटू लागला तर क्लीटची पुढची टोकदार कड पाहावी. ती गोल झाली असेल तर ताण वाढवून काही होत नाही, क्लीट बदलावी. सुटतानाच अडत असेल तर चिखल, खडा किंवा सुकलेली स्प्रिंग. चिखल धुऊन जबड्यावर थोडे तेल टाकावे आणि जादाचे पुसून घ्यावे. काळी माती जबड्यात वाळू देऊ नये, ती दगडासारखी घट्ट होते.

बोल्टच्या खाचेत माती ठासून भरते. ती सुईने कोरून काढल्याशिवाय ॲलन की घातली तर किल्ली अर्धीच बसते आणि खाच गोल होते. मग बोल्ट ड्रिलने काढण्याची वेळ येते. पेडल क्रँकवरून काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवावे: पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाच्या दिशेने ओढला की दोन्ही पेडले सुटतात, पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावून 35 ते 55 न्यूटन-मीटरने आवळावीत. कोरडी बसवलेली पेडले दोन पावसाळ्यांत क्रँकला अशी धरतात की पाना लांब करून त्यावर उभे राहावे लागते.