न वापरलेल्या फोर बाय फोरचे आजार

मुंबईत विकायला येणाऱ्या सेकंड-हँड फोर बाय फोर एसयूव्हीत एक गोष्ट हमखास नवी कोरी असते, ती म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारा, नॉब. विकणारा कौतुकाने सांगतो, "साहेब, फोर बाय फोर कधी टाकलंच नाही." ते ऐकून विकत घेणारा खूश होतो. खरं तर याच वाक्यावर त्याने भाव पाडून मागायला हवा. जिचं आयुष्य ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि सोसायटीचं पार्किंग यांच्यातच गेलं, त्या गाडीच्या ट्रान्सफर केसमधले (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतले) गिअर बहुधा ठणठणीत असतात. पण त्या गिअरपर्यंत हुकूम पोहोचवणाऱ्या रबरी नळ्या, वायरी, कनेक्टर आणि झडपा मात्र बसून बसून निकामी झालेल्या असतात.

यात दिलासा असा की बसून बिघडलेल्या वस्तू बहुतेक स्वस्त असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा घरच्या घरी तपासता येतात. अट एकच, आतमध्ये काय चाललंय ते आधी नीट समजून घ्यायला हवं.

थार, जिम्नी, जुनी जिप्सी, स्कॉर्पिओचं फोर बाय फोर मॉडेल या सगळ्या गाड्या 'पार्ट-टाइम' पद्धतीच्या. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. ही झाली नॉबवरची टू-एच. फोर-एच, म्हणजे चारही चाकांची जागा, टाकली की ट्रान्सफर केसमधली एक दातेरी स्लीव्ह सरकते आणि पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट मागच्या शाफ्टला पक्का जोडला जातो. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तिच्यातही तत्त्व हेच होतं. फरक एवढाच की तिथे स्लीव्ह सरकवायला ड्रायव्हरचा हात आणि लोखंडी सळी होती. आता मध्ये स्विच आला, कंट्रोल युनिट आलं, मोटर आली, व्हॅक्यूम आला. ड्रायव्हरचा हात मोकळा झाला आणि बिघडायच्या जागा वाढल्या.

सगळ्यात आधी जी तक्रार येते, तो बऱ्याचदा बिघाड नसतोच. "फोर-एचमधून गाडी परत टू-एचमध्ये येत नाही, नॉब फिरवला तरी दिवा जात नाही." असं झालं की आधी विचारायचं, फोर-एच कुठे टाकलं होतं? उत्तर बहुतेक वेळा "इथेच, डांबरी रस्त्यावर, चेक करायला" असं मिळतं.

वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. समजा पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये २.७ मीटर अंतर आहे आणि मागचा अॅक्सल ५ मीटर त्रिज्येने वळतोय. पायथागोरस लावला तर पुढच्या अॅक्सलची त्रिज्या ५.७ मीटरच्या आसपास येते. म्हणजे एका यू-टर्नमध्ये मागची चाकं १५.७ मीटर जातात, तर पुढची जवळपास १७.८ मीटर. दोन मीटरहून जास्त फरक! एसयूव्हीच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर धरला, तर पुढच्या चाकांना जवळपास एक अख्खा फेरा जास्त मारायचा असतो. पण दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले, त्यामुळे जास्तीचा फेरा मारायला वावच नसतो. चिखलात किंवा खडीवर टायर थोडं घसरून हा हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग शाफ्ट आणि गिअर पिळले जातात. स्टिअरिंग जड होतं, गाडी कुणीतरी मागून ओढल्यासारखी अडखळते आणि त्या पिळामुळे स्लीव्हचे दात एकमेकांवर इतके घट्ट दाबले जातात की मोटरला ती मागे ओढता येत नाही. उपाय फुकटातला आहे. टू-एच निवडायचं आणि गाडी सरळ रेषेत काही फूट रिव्हर्स घ्यायची. पीळ सुटतो, स्लीव्ह निसटते, दिवा विझतो. यासाठी ट्रान्सफर केस उघडून बसलेले लोक आहेत, म्हणून एवढं लांबण लावलं.

उलट बाजूचंही असंच. फोर-एच टाकल्यावर दिवा नुसता लुकलुकत राहिला, तर कदाचित स्लीव्हचे दात समोरच्या दातांसमोर येऊन अडलेत, खाचेत गेलेले नाहीत. सैल मातीवर सावकाश चार-सहा मीटर गाडी पुढे-मागे केली की दात जुळतात. एवढं करूनही लुकलुक थांबली नाही, तर मात्र बॉनेट उघडावं.

अनेक गाड्यांत पुढचे हब (चाकांचे मधले भाग) किंवा पुढच्या अॅक्सलचा एक तुकडा जोडायचं काम व्हॅक्यूमवर चालतं. व्हॅक्यूम ओढतो असं आपण म्हणतो, पण तो काही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. एका डबीत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा त्याला रेटते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. पडदा ७ सेंटीमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटीमीटर. आतली ६० टक्के हवा काढली, तर पडद्यावर जवळपास २३ किलोचा रेटा येतो. आतली स्प्रिंग दाबून फोर्क (जोडणी सरकवणारी दुबेळकी दांडी) सरकवायला तेवढं पुरतं. पण नळीला बारीकशी चीर पडून हवा आत शिरू लागली आणि रेटा निम्म्यावर आला, तर स्प्रिंग जिंकते. हब जोडलाच जात नाही, किंवा अर्धवट जोडला जाऊन करकरतो.

पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम थ्रॉटलच्या मागे आपोआप तयार होतो. डिझेलला तशी सोय नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक बूस्टरही त्याच पंपावर चालतो. म्हणून डिझेल गाडीत फोर बाय फोर चालत नसेल आणि ब्रेकचं पॅडलही कडक लागत असेल, तर आधी पंप आणि त्याची मुख्य नळी बघायची. आणि तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

नळीत चीर कुठे शोधायची? टोकाला. रबराच्या लांब रेणुसाखळ्यांमधले दुहेरी बंध हवेतला ओझोन तोडत असतो, आणि रबर ताणलेलं असेल तिथे हे काम सगळ्यात जोरात चालतं. नळी जिथे नोझलवर चढवलेली असते तिथेच ती कायम ताणलेली असते. इंजिनाची उष्णता रबराला आणखी कडक करते. त्यामुळे मधली नळी छान मऊ आणि शेवटचा एक सेंटीमीटर मात्र भेगाळलेला, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. टोक बोटांनी वाकवून बघितल्याशिवाय भेगा दिसत नाहीत. वरून पाहिलं तर नळी अगदी धडधाकट वाटते. नळीत ढील असेल तर तेवढं टोक कापून पुन्हा बसवलं तरी चालतं. पण एक टोक गेलं म्हणजे बाकीची रांगेत आहेत असं धरून सगळ्या नळ्या बदललेल्या बऱ्या. काढण्याआधी मोबाइलवर फोटो मात्र काढून ठेवा. काही गाड्यांत एक नळी जोडण्याची आणि दुसरी सोडवण्याची असते. त्यांची अदलाबदल झाली तर सगळा कारभार उलटा चालतो.

मुंबईत नळीच्या चिरेला आणखी एक कारण असतं: उंदीर. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्यांचा संसार थाटलेला असतो आणि वायर, नळी यांत ते भेदभाव करत नाहीत.

तपासायला केमिस्टकडची मोठी, बिनसुईची सिरिंज कामाला येते. नळीचं एक टोक बोटाने बंद करायचं, दुसऱ्या टोकाला सिरिंज लावून दट्ट्या ओढायचा आणि धरून ठेवायचा. सोडल्यावर दट्ट्या झटकन मागे गेला तर नळी धरते आहे. ओढतानाच सैल लागला, किंवा सोडल्यावर ओढलेल्या जागीच राहिला, तर हवा कुठून तरी आत येते आहे. पडद्याच्या डबीसाठी मात्र सिरिंज अपुरी पडते, कारण डबीतली हवा जास्त असते. तिथे काटा असलेला हातपंप लागतो. व्हॅक्यूम भरायचा आणि काटा बघायचा. तो मिनिटभर जागेवर राहायला हवा. हळूहळू उतरत असेल तर पडदा फाटलाय.

पंप आणि डबी यांच्यामध्ये सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट करणाऱ्या, झडपा असतात. इग्निशन चालू करून कुणाला तरी नॉब फिरवायला सांगा आणि सोलेनॉइडवर बोट ठेवा. बारीक 'टक' जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर प्रश्न विजेचा आहे.

विजेच्या बाबतीत मल्टिमीटर अनेकांना फसवतो. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला मीटर आणला, मोटरच्या कनेक्टरवर लावला, १२.५ व्होल्ट दिसले. मग निष्कर्ष: वीज येतेय, म्हणजे मोटर गेली. नवी मोटर बसवली, तीही फिरेना. इथे विसर पडतो तो ओहमच्या नियमाचा: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले अडथळा. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, आणि करंट नसेल तर वाटेतल्या गंजलेल्या सांध्यावर व्होल्टेज पडतही नाही. मोटरने समजा १० अँपियर मागितले आणि कनेक्टरमध्ये गंजामुळे फक्त ०.३ ओहमचा अडथळा असला, तरी १० गुणिले ०.३ म्हणजे ३ व्होल्ट त्या हिरवट थरातच संपतात. मोटरला उरतात साडेनऊ. म्हणून व्होल्टेज नेहमी मोटरला करंट जात असतानाच मोजायचं. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी मोटरच्या प्लसला लावून कुणाला तरी नॉब फिरवायला सांगायचं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग हीच तपासणी मायनसच्या बाजूने. माझ्या मते सुरुवात मायनसपासूनच करावी, कारण चासीला बोल्टने कसलेल्या अर्थिंगच्या वायरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही आणि खाऱ्या हवेत सगळ्यात आधी तीच गंजते. बॅटरीचा मायनस काढून सांधा घासायचा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पुन्हा कसून वरून सिलिकॉन ग्रीजचा पातळ थर द्यायचा.

दिवा लागला म्हणजे पुढची चाकं खरंच जोडली गेली, असंही नाही. दिवा लावणारा स्विच वेगळा असतो आणि तोही खराब होतो. साध्या लिव्हरच्या गाडीत खरंखोटं करायची एक सुंदर रीत आहे. सपाट फरशीवर, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफर फोर-एचला. पुढचं एकच चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्यायचा आणि ते चाक हाताने फिरवायचं. डिफरन्शियलचा (शाफ्टची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा) नियम असा की शाफ्टकडून येणारी गती ही दोन्ही चाकांच्या गतीच्या सरासरीशी बांधलेली असते. एक चाक जमिनीवर थांबलेलं आणि शाफ्टही मागच्या चाकांमुळे जखडलेला, म्हणजे उचललेल्या चाकाला थोड्याशा ढिलाईपलीकडे हलताच येता कामा नये. ते मोकळं फिरलं तर दिवा खोटं बोलतोय. व्हॅक्यूमवाल्या गाडीत इंजिन बंद झालं की हब सुटू शकतो, म्हणून तिथे ही रीत भरवशाची नाही.

इंजिन चालू ठेवून हे करू नका. फोर-एचमध्ये जमिनीवरच्या चाकांनाही ताकद जाते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे: ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवूनही चाकं मोकळीच राहतात. पोडियम पार्किंगच्या उतारावर हा प्रयोग नकोच.

टायरचं थोडक्यात सांगतो. दोन नवे आणि दोन जुने टायर ही काटकसर फोर बाय फोरला महाग पडते. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ असेल तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे किलोमीटरमागे जवळपास सहा फेऱ्यांचा. रस्ता सरळ असला तरी जखडलेल्या शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करून गाडी पाच फेरे ढकलायची आणि पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर टेपने मोजायचं. घेर लगेच कळतो.

शेवटी पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा नाही, तरी हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे दरवर्षी तुंबतातच. एसयूव्ही उंच म्हणून पाण्यात घातली जाते आणि नेमका त्रास तिथे होतो. चालून चालून डिफरन्शियल ८० अंश सेल्सिअसला तापलेलं असतं, ते ३० अंशांच्या पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते. केल्विनमध्ये ३५३ वरून ३०३, म्हणजे दाब १४ टक्क्यांनी घटतो. ही घट सुमारे १.४ मीटर पाण्याच्या दाबाएवढी आहे. त्यासाठीच अॅक्सलच्या माथ्यावर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते, तिच्यातून हवा आत येते. ती चिखलाने बुजली असेल, किंवा पाण्याखालीच गेली असेल, तर हवेऐवजी पाणी आत खेचलं जातं, कधी टोपीतून, कधी ऑइल सीलच्या कडेने. सील हे तेल बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेलं असतं, बाहेरचं पाणी अडवणं त्याला तितकंसं जमत नाही.

तपासायची युक्ती अशी: गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. सकाळी आधी वरचा फिलर प्लग उघडून बघा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचं तेल काढून बसलात, तर नवं भरणार कुठून? तो सुटतोय याची खात्री झाल्यावर खालचा ड्रेन प्लग जेमतेम ढिला करा. पहिले थेंब पाण्याचे आले, किंवा तेल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं निघालं, तर ते सगळं तेल बदलायचं. डिफरन्शियलला बहुधा ८०डब्ल्यू-९० जीएल-५ या ग्रेडचं गिअर तेल लागतं, पण बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल असतं, त्यामुळे मॅन्युअल बघितल्याशिवाय काही ओतू नका. ब्रीदर साफ करून त्याला नळी जोडा आणि तिचं टोक इंजिनाच्या खोलीत उंचावर बांधा.

ड्रेन प्लगच्या लोहचुंबकाला राखाडी, मऊ लगदा चिकटलेला असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कपचे किंवा दाताचा तुकडा सापडला, तर घरचं काम तिथेच थांबतं. डिफरन्शियलमधल्या क्राउन आणि पिनियन या दोन गिअरच्या दातांमधली फट मिलिमीटरच्या दशांशात बसवावी लागते, त्याला डायल गेज (सूक्ष्म मापाचा मीटर) आणि शिम (पातळ चकत्या) लागतात, आणि ते वर्कशॉपचं काम आहे.