‘मराठी’ची लांबी पाच कशी?

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना पहिल्या काही दिवसांतच स्ट्रिंगशी, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या चिन्हांच्या माळेशी गाठ पडते. इंग्रजी उदाहरणं असतात तोवर सगळं सुरळीत. मग कोणीतरी हौसेनं लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनला ‘मराठी’ हा शब्द देतं आणि उत्तर येतं ५. अक्षरं तर तीनच! शब्द उलटा केला तर ‘ठीराम’ मिळायला हवं. मिळतं ‘ीठारम’, म्हणजे सुरुवातीलाच निराधार लटकलेली वेलांटी. कारण पायथन म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं मोजतो.

१९६३ साली अमेरिकेत आस्की ही संगणकासाठी अक्षरांना आकडे नेमून देणारी पद्धत ठरली, तेव्हा सात बिटांत १२८ जागा होत्या. इंग्रजीचं त्यात भागलं. देवनागरीत बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराला आणि जोडाक्षराला स्वतंत्र जागा द्यायची म्हटली, तर ती कुठून आणणार? म्हणून आपल्याकडच्या इस्कीने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या तशाच पद्धतीने, आठव्या बिटामुळे मिळालेल्या वरच्या १२८ जागांत व्यंजनं, काना-मात्रा आणि पाय मोडायचं चिन्ह सुटंसुटं बसवलं. टाइपरायटरसारखे अक्षरांचे तुकडे न साठवता उच्चाराच्या क्रमाने चिन्हं साठवायची, हा निर्णय मला तरी फार शहाणपणाचा वाटतो. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या तंत्राचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढलं. जगभरातल्या लिप्यांची चिन्हं एकाच यादीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. ‘मराठी’तले पाच आले ते इथून.

पायथन २ मध्ये हाच शब्द साध्या स्ट्रिंगमध्ये ठेवला की लांबी १५ सुद्धा यायची, कारण यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि मोजले जात ते बाइट. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आला आणि स्ट्रिंग मुळातच युनिकोडची झाली.

त्याच वर्षी युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागवलं जाई. आता ‘ॲप’ आणि ‘अॅप’ पडद्यावर सारखेच दिसतात, पण एकाची लांबी २, दुसऱ्याची ३, आणि तुलना केली तर उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे दोन्ही सारखे नाहीत. जुन्या याद्यांत शोध घेणारा इथे हमखास फसतो.

डोळ्यांना दिसणारं अक्षर मोजायचे नियम युनिकोडने वेगळे केले आहेत. त्यांनुसार ‘मराठी’ तीन भरते. ‘नमस्ते’ मात्र बराच काळ चार भरत होतं, कारण मोडका स आणि ते वेगळे धरले जात. जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम त्यात आला २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत.