स्क्रीन थिजते तेव्हा लिनक्स कशाची वाट पाहतं?

सातबारा छापायला आलेला माणूस खिडकीशी उभा, फॉर्म अर्धा भरलेला, आणि स्क्रीन थिजते. चार-पाच सेकंद काहीच हलत नाही. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा चालू. "हे काऊन हँग मारून राह्यलं?" असा प्रश्न यवतमाळ-वाशीमकडच्या सेवा केंद्रांत, अभ्यासिकांत, शाळांच्या संगणक खोल्यांत दिवसातून कितीदा तरी विचारला जातो. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली, म्हणजे तिची मिंट नाहीतर लुबुंटू ही आवृत्ती, टाकणं हा तेव्हापासून स्वस्तातला सरळ मार्ग आहे. मशीन मात्र जुनीच राहते, आणि अटकते.

तालुक्याच्या दुकानात यावर ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट. माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा असावा, कारण रोग काय होता हे सांगणारा पुरावाच त्यात आधी पुसला जातो.

साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. पाच सेकंदांच्या अटकण्यात ३०० चित्रं आलीच नाहीत. त्याच पाच सेकंदांत अडीच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे साडेबाराशे कोटी ठोके पडून गेलेले असतात. आपल्याला वाटतं त्याला काम झेपलं नाही. बहुतेक वेळा तो रिकामा असतो. त्याला हवी असलेली गोष्ट दुसऱ्या कुणाकडून यायची असते आणि ती आलेली नसते. ती कुणाकडून यायची होती, एवढंच शोधायचं.

त्यासाठी अटकण्याचे ते चार सेकंद रागात माउस आपटण्यात घालवू नयेत. माउस हलवून पाहा. बाण फिरतोय पण खिडक्या मेल्यासारख्या असतील, तर मशीन पुरती गोठलेली नाही, पण ग्राफिक्स ठीक आहे असं एवढ्यावरून समजू नका. बाणाचं चित्र बहुतेक मशीनवर ग्राफिक्सचं हार्डवेअर वेगळं दाखवतं, त्यामुळे बाकी सगळं थांबलं तरी तो फिरू शकतो. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर कीबोर्डचा निरोप आत पोचतोय. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा पाहा. तो न लुकलुकता सलग जळत असेल तर संशय डिस्कवर किंवा रॅमवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीवर. दोन्ही एकाच दिव्यात कसे येतात, ते पुढे.

रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच आणायला साधारण १० मिलिसेकंद, कारण चकती फिरून योग्य जागा डोक्याखाली यावी लागते. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कला जवळजवळ २८ तास लागतील. एसएसडीला, म्हणजे चकती नसलेल्या डिस्कला, १५-२० मिनिटं. चार जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, त्यात एक यूट्यूब, एवढं झालं की रॅम भरते. मग लिनक्स रॅममधली कमी वापरातली पानं, म्हणजे मेमरीचे लहान तुकडे, डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत, स्वॅपमध्ये, नेऊन ठेवतं. इथपर्यंत ठीक. पण नुकतं बाहेर टाकलेलं पान लगेच परत लागलं, त्याला जागा करायला दुसरं बाहेर गेलं, आणि तेही लगेच लागलं, की मशीन नेआण करण्यातच गुंतते. दिवा सलग जळतो तो यामुळे.

इथे एक सल्ला नेहमी ऐकायला मिळतो : स्वॅप बंद करून टाका. माणूस करतो, आणि मशीन आधीपेक्षा जास्त अटकते. प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडही रॅममध्ये असतो आणि त्याची मूळ प्रत डिस्कवर असतेच. जागा कमी पडली आणि स्वॅप नसला, की लिनक्स हा कोडच रॅममधून काढून टाकतं, कारण तो केव्हाही पुन्हा वाचता येतो. पुढच्या क्लिकला ब्राउझरचा कोडच डिस्कवरून परत आणावा लागतो. त्यापेक्षा झेडरॅम बरं. यात बाहेर काढायची पानं डिस्कवर न नेता दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, रॅममध्येच ठेवतात. प्रोसेसरला थोडी मेहनत पडते, पण डिस्कची फेरी वाचते. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीने २०२०पासून, ३३व्या आवृत्तीत, हे आपोआप चालू केलं. मिंटवर आपल्याला करून घ्यावं लागतं. आणखी चार जीबीची रॅमची पट्टी मिळत असेल तर सगळ्यात आधी तीच टाकावी.

कारण मेमरी की डिस्क, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या ४.२० या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्स 'प्रेशर' मोजतं. प्रॉक (/proc) या फोल्डरात प्रेशर (pressure) नावाचा फोल्डर आहे, त्यात सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि आयओ म्हणजे डिस्कवरचं वाचन-लेखन, अशा मुख्य तीन फायली. गेल्या १० सेकंदांत, मिनिटात आणि पाच मिनिटांत त्या-त्या गोष्टीसाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली, ते तिथे लिहिलेलं असतं. मला हा आकडा सीपीयू वापराच्या टक्क्यांपेक्षा कितीतरी उपयोगाचा वाटतो. सीपीयू ५ टक्के आणि 'लोड', म्हणजे रांगेतल्या कामांची सरासरी, मात्र नऊ, असं दिसलं की लोक चक्रावतात. दोन्ही खरं असतं. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कसाठी थांबलेली कामंही धरतात, १९९३पासून.

आयओचा आकडा चढलेला आणि मेमरीचा शांत असेल, तर डिस्ककडे वळा. आपल्याकडे लाइन जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं, इन्व्हर्टर सगळीकडे नसतो. चालत्या हार्ड डिस्कला हे मानवत नाही. चकतीवरचा एखादा तुकडा वाचता येईना की डिस्क हट्टाने पुन्हापुन्हा प्रयत्न करते. घरगुती डिस्क यात बरेच सेकंद घालवतात. कर्नलही तिच्या उत्तराची नेमाने ३० सेकंद वाट पाहतं आणि मग जोडणी रीसेट करतं. तेवढा वेळ त्या डिस्कवरून काही हवं असलेला प्रत्येक प्रोग्रॅम उभाच. याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, वेळेसकट पडते. टर्मिनलमध्ये sudo dmesg -T ही आज्ञा चालवली की ती घड्याळाच्या वेळेसह दिसते. म्हणून मशीन अटकली की आधी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी.

डिस्क स्वतःची तब्येतही सांगते, स्मार्ट नावाच्या तक्त्यात. मिंटमधल्या 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये तो उघडतो. १९७ क्रमांकाच्या ओळीत, वाचता न आल्यामुळे निकाल लागायचा राहिलेले तुकडे मोजलेले असतात. ५व्या ओळीत कायमचे बाद होऊन बदललेले. हे आकडे वाढत असतील तर दुरुस्ती वगैरे विसरा, आजच बॅकअप घ्या. पण १९९व्या ओळीतला आकडा एकटाच वाढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष आहे. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात बिघडलेल्या माहितीचा हिशेब आहे, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे सैल झालेली साटा केबल. ती काढून घट्ट बसवा, नाहीतर नवी टाका. डिस्कच्या किमतीपुढे ती काहीच नाही. बदलल्यावर जुना आकडा शून्य होत नाही, पण वाढायचा थांबतो.

उन्हाळ्यातलं अटकणं निराळं. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. प्रोसेसरचा पंखा थंडी तयार करत नाही, खोलीतली हवा हीटसिंकवरून, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांवरून, नेतो, एवढंच. खोली २५ऐवजी ४५ची झाली तर तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण २० अंशांनी जास्त तापतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचलं की तो जीव वाचवायला आपला वेग स्वतःच पाडतो. लॉगमध्ये तापमान मर्यादेपुढे गेल्याची ओळ सापडते. अशी मशीन थांबत नाही, घसरत चालते. खिडकी ओढली तर मागून येते, व्हिडिओ तुकड्यातुकड्याने दिसतो.

त्यात आपल्याकडचा खास गुन्हेगार म्हणजे कापूस. जिनिंगजवळच्या दुकानात, किंवा भाव वाढेल म्हणून कापूस खोलीत रचून ठेवलेल्या घरात, हवेत बारीक तंतू असतात. पंखा ते ओढतो आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्यांचा नमदा बसतो. वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. हवा आतून जातच नसते. मशीन बंद करून, वायर काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारावा. पंखा धरणं महत्त्वाचं, नाहीतर ब्लोअरच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कापसाचा हंगाम सरला की, ऊन तापायच्या आधी, हे एकदा करावं.

पेनड्राइव्हचं प्रकरण लहान आहे. लिनक्स लिहायची माहिती आधी रॅममध्ये गोळा करतं, नेहमीच्या सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत. आठ जीबी रॅमच्या मशीनवर दीड जीबी असं साचलं आणि पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबी लिहिणारा असला, तर ते रितं व्हायला पाच मिनिटं लागतात. 'कॉपी झाली' असं दिसूनही ड्राइव्ह बाहेर निघत नाही तो यामुळे, आणि मधेच दुसरा प्रोग्रॅम काही लिहू लागला तर तोही अडकू शकतो. ही मर्यादा डर्टी बाइट्स (vm.dirty_bytes) या सेटिंगने ५०-१०० एमबीवर आणता येते.

मशीन मिनिटभरानेही परत आली नाही, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून आज्ञा टाइप करायची काळी स्क्रीनही आली नाही, तरी पॉवरचं बटण लगेच दाबून धरू नका. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून सावकाश, दोन-दोन सेकंद थांबत, एस, यू, बी दाबा. एस रॅममधलं लिखाण डिस्कवर उतरवायला लावतं, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती करतं, बी मशीन रीस्टार्ट करतं. मिंट-लुबुंटू ज्यावर उभे आहेत त्या उबुंटूत या तिन्ही आज्ञा मुळात चालू असतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन धरावं लागतं. यालाही उत्तर मिळालं नाही तर कर्नलच अडकलेलं आहे, मग बटणाशिवाय इलाज नाही.