कंपायलर सापडलेला असतो, अडचण पुढे असते

सोर्स कोडवरून प्रोग्रॅम बिल्ड करताना कॉन्फिगर या तपासणी-स्क्रिप्टने ‘सी कंपायलर एक्झिक्युटेबल तयार करू शकत नाही’ असा एरर दिला, की ‘जीसीसी (हा सी कंपायलर) पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बहुतेक वेळा तो चुकीचाच. कंपायलर नसताच, तर पाथमध्ये (सिस्टम प्रोग्रॅम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) योग्य कंपायलर नाही, असा वेगळा एरर आला असता. इथे तो सापडलाय. फक्त कॉन्फिगरने दिलेला जवळपास रिकामा चाचणी-प्रोग्रॅम त्याला कंपाइल किंवा लिंक करता आला नाही. खरं कारण कॉन्फिगरच्या कॉन्फिग.लॉग या नोंद-फाइलमध्ये असतं. शेवटून वाचू नका, तिथे व्हेरिएबल्सची लांबलचक यादी असते. एररचं वाक्य शोधून त्याच्या वरच्या ओळी वाचा. ‘सीआरटी1.ओ सापडत नाही’ (ही लिंक करताना लागणारी सी लायब्ररीची फाइल) दिसलं, तर सी लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज टाका. अनोळखी ऑप्शनची तक्रार असेल, तर कंपायलर आणि लिंकरला ऑप्शन देणारी सीफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्ज ही व्हेरिएबल्स तपासा.