नेच्याच्या पानाखालचे ठिपके म्हणजे कीड नव्हे

नेच्याच्या (फर्नच्या) पानाखाली तपकिरी ठिपके दिसले की ‘कीड लागली, औषध मारा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ते बीजाणूंचे पुंजके असतात. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याचा वंश या बीजाणूंच्या भुकटीतून पुढे जातो. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या दरडीवरचा हंसराज हा नेचा उलटून पाहा, पुंजके पानाच्या दुमडलेल्या कडेखाली सापडतील. कुंडीतल्या नेफ्रोलेपिस या नेच्यात ते पर्णिकेच्या (पानाच्या छोट्या भागाच्या) मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात. खवले कीड मात्र कुठेही विखुरते, देठावरसुद्धा. नखाने सुटते, बऱ्याचदा पान चिकट करते. ती असेल तर ओल्या कापसाने पुसून काढा. निरोगी पानं खुडून फेकलेली पाहिली की फार हळहळ वाटते. पानांच्या कडा करपल्या असतील, तर आधी कोरडी हवा आणि सुकलेली माती तपासा.