उपासना, आत्म्याने व खरेपणाने

देवाची दिखाव्याविना, मनापासून व आचरणाशी सुसंगत अशी आराधना करण्याविषयीची ख्रिस्ती संकल्पना. तिचे मुख्य आधारवचन योहानकृत शुभवर्तमानात (४ : २३-२४) आहे. याकोबाच्या विहिरीजवळ एका शमरोनी (यहुद्यांपासून वेगळ्या पडलेल्या पंथातील) स्त्रीने उपासनेचे योग्य स्थान हा डोंगर की यरुशलेम, हा जुना वाद काढला. येशूंनी तो बाजूला सारला. खरे उपासक पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करतील, असे त्यांनी सांगितले.

हा डोंगर म्हणजे गरिज्जीम. तेथील शमरोनी मंदिर हास्मोनी या यहुदी राजघराण्यातील शासक व महायाजक योहान हिर्कानस याने पाडले. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफसच्या वृत्तांतावरून ही घटना इ.स.पू. १२८ च्या सुमाराची मानली जाई. उत्खननातील नाण्यांवरून ती इ.स.पू. १११-११० च्या आसपास घडली असावी. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोणतेही मानले, तरी या संवादाच्या वेळी मंदिर पडून शतकाहून अधिक काळ लोटला होता आणि तरीही वाद धगधगत होता.

‘आत्म्याने’ म्हणजे नेमके काय, याविषयी मतभेद आहेत. धर्मपंडित ऑरिजेनने (तिसरे शतक) नियमशास्त्राची (मोशेच्या धर्मनियमांची) अक्षरे व छाया, म्हणजे शब्दशः अर्थ व केवळ पूर्वसूचक विधी, यांच्या विरोधात हे वचन वाचले. चौथ्या शतकात बिशप बेसिलने येथे पवित्र आत्माच अभिप्रेत मानला. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने बाह्य विधींच्या तुलनेत अंतःकरणातील श्रद्धेवर भर दिला, आणि लोकप्रिय प्रवचनांत बहुधा हाच अर्थ येतो. आधुनिक भाष्यकारांपैकी अनेकांचा कल मात्र बेसिलकडे आहे. त्याच शुभवर्तमानात आत्म्यापासून जन्मण्याची चर्चा (३ : ५-८) नुकतीच येऊन गेलेली असल्याने तो सयुक्तिक ठरतो. त्यामुळे खरेपणा ही केवळ भावनेची तीव्रता उरत नाही. तो प्रथम देवाकडून मिळतो.

जुन्या करारातील संदेष्ट्यांची वचने याच संदर्भात येतात. आमोस (५ : २१-२४) व यशया (१ : ११-१७) यांनी बलिदानविधीच नाकारला, असे एकोणिसाव्या शतकातील काही अभ्यासक मानत. परंतु यशयाच्या त्याच उताऱ्यात प्रार्थनाही नाकारली आहे, कारण हात रक्ताने माखलेले आहेत. तेव्हा निषेध विधीचा नसून अन्याय करून विधी पाळण्याचा आहे, हे मत अधिक बळकट आहे. ओठांनी सन्मान, पण अंतःकरण दूर, हे यशयाचे वचन (२९ : १३) येशूंनी परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाला) उद्देशून वापरले (मार्क ७ : ६-७).

कसोटी शेजाऱ्याशी असलेल्या नात्यातही आहे. वेदीवर अर्पण ठेवण्यापूर्वी भावाशी समेट करावा, अशी आज्ञा आहे (मत्तय ५ : २३-२४). ‘डिडाखे’ या आद्य ख्रिस्ती ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणात हीच अट प्रभूच्या दिवशीच्या (रविवारच्या) भाकर मोडण्याला, म्हणजे सामूहिक पवित्र भोजनाला, लावली आहे. हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा असावा. प्रेषित पौलाने तर शरीर जिवंत यज्ञ म्हणून अर्पावे, असे लिहिले (रोम. १२ : १), म्हणजे सबंध जगणेच उपासनेत आले. विधवा व अनाथ यांचा समाचार घेणे हा शुद्ध धर्माचाच भाग, असे याकोबाचे पत्र (१ : २७) सांगते.

पुढे संप्रदायांनी वेगवेगळे भर दिले. इंग्लंडमधील प्रॉटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनाने (१६४६-४७) शास्त्राने न सांगितलेल्या प्रकारे उपासना करू नये, असे ठरवले. क्वेकर या प्रॉटेस्टंट पंथाने सतराव्या शतकात नियोजित विधी सोडून मौन सभा पत्करली. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने विधी कायम ठेवून भाविकांचा जाणीवपूर्वक व सक्रिय सहभाग आवश्यक मानला.